मेलेल्या कार्डाचं नाव

माझा भाऊ कबासो मेल्यापासून माझ्या स्वप्नात यायचा, पण बसायचा नाही. नुसता उभा. कधी सरोवरात गुडघाभर पाण्यात, कधी माझ्या मासे वाळवायच्या मांडवाशी, कधी चुलीपाशी. मी म्हणायची, "दादा, टेक ना रे जरा," की तो इकडेतिकडे बघायचा, घरात एकसुद्धा स्टूल नसल्यासारखा. सकाळी उठले की पाय माझेच दुखायचे.

याचा अर्थ आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो. मेलेल्याचं नाव रिकामं पडलंय, त्यात कुणीतरी बसा. मामाच्या नावात भाचा बसतो. त्याला चटईवर बसवायचं, पाणी पाजायचं, मनगटात पांढरे मणी बांधायचे आणि मामाचं धनुष्य हातात द्यायचं. झाला तो कबासो. मग विधवा मोकळी होते, पोरांना बाप मिळतो, बहिणीला भाऊ मिळतो. आणि गेलेला माणूस एकदाचा टेकतो. कबासोला भाचा एकच, माझा चोला.

आणि चोला म्हणाला, नाही बसणार.

"मी बसलो की चोला संपला," तो फोनवर म्हणाला. "उद्यापासून सगळे मला कबासो म्हणणार. मग चोला कुठे जातो, आई? सांग ना."

"कुठे जाईल? बाजारात जाईल टोमॅटो आणायला! आईला शहाणपणा शिकवतोस होय रे?"

मी अशीच बोलते. जिभेला हाड नाही म्हणतात मला. कबासो मला पिलिपिली म्हणायचा, म्हणजे मिरची. दुसऱ्या कुणाची तशी म्हणायची छाती नव्हती. बाकी सगळं साम्फ्या गाव मला बाना चोला म्हणतं, चोलाची आई. बाई आई झाली की तिचं आधीचं नाव आमच्याकडे कुणी घेत नाही.

कबासो पावसाळ्यात गेला होता. नावात बसवायचा ठरवलेला दिवस उजाडला तेव्हा कोरडा वारा सुटला होता. या दिवसांत आमचं बांगवेउलू सरोवर बघावं. पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते पत्ताच लागत नाही. लांबवरच्या होड्या हवेत तरंगताना दिसतात आणि वल्ह्याचा आवाज होडी निघून गेल्यावर येतो. त्या दिवशी तर मला सकाळपासून आपण जागे आहोत की झोपेत, हेच कळत नव्हतं. अंगणात बायका मक्याचं पेय मुंकोयो गाळत होत्या, पुरुष ढोलाचं कातडं जाळावर शेकत होते आणि मला सारखं वाटत होतं की यातल्या कुणाच्या तरी पाठीमागे दादा उभा आहे.

आमच्या कुळात सगळ्यांत जुने मुताले आजोबा. ते धनुष्य मांडीवर घेऊन आंब्याखाली बसले होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "सूर्य या झाडामागे गेला आणि पोरगा चटईवर नसला, तर हे धनुष्य मी पाण्यात सोडतो. नाव संपलं. रिकामं नाव किती दिवस उन्हात ठेवायचं?"

"येतोय हो तो, आजोबा. बसमध्ये आहे," मी म्हटलं. निघालोय, एवढंच तो फोनवर म्हणाला होता; बसतो म्हणाला नव्हता.

चोला आला खरा, पण अंगणात नाही आला. बसमधून उतरला तो तडक मामाच्या दुकानात शिरला. न्डोला शहरात तो हेच काम करतो, कचेऱ्यांमधली कॉम्प्युटरची यंत्रं एकमेकांना जोडून द्यायचं. हातात एक छोटा खोका होता. निरोप पाठवला की आधी दुकानाचं नेट चालू करतो, मुसोंडाला सगळं दिसलं पाहिजे, तोवर मी बसत नाही.

मुसोंडा म्हणजे कबासोची एकुलती एक लेक. स्कॉटलंडला नर्स आहे. बापाच्या मातीला तिला येता आलं नाही. मला कारण पटलं, पण आपलं पोर मी ओळखून आहे. लहानपणी आंघोळ टाळायची असली की हाच पोरगा सांगायचा, आधी शेळीला पाणी पाजून येतो.

दुकान म्हणजे किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरची एक खोली. छपरावर पांढरी थाळी, ती आभाळातून नेट आणते. आत कबासोनं जोडलेली यंत्रं. सगळ्यांवर त्यानं विंडोजऐवजी लिनक्स बसवलेलं. लिनक्सला दाम पडत नाही, पण मान फार लागतो, असं तो म्हणायचा. ते म्हणेल तसं बोलावं लागतं, एक टिंब चुकलं की गप्प बसतं. "अगदी तुझ्यासारखं आहे, पिलिपिली," असं म्हणून हसायचा. परीक्षेचे निकाल, लेकरांची पत्रं, माशांचे भाव, सगळं साम्फ्या त्या खोलीत यायचं. आणि त्याला मातीत ठेवून आम्ही घरी आलो, त्याच संध्याकाळी थाळीवर वीज पडली. वायरीतून उतरून ती मुख्य यंत्राच्या नेटवर्क कार्डात, नेट आत घेणाऱ्या पट्टीत, शिरली. कार्ड जळलं, बाकीचं यंत्र वाचलं. तेव्हापासून दुकानाला कुलूप.

मी जाऊन बघते तर चोलानं यंत्राचं झाकण काढून ठेवलेलं. आत कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं होतं. ते त्यानं अलगद सोडवून खिडकीत ठेवलं. मग जुनं कार्ड उपसून बाहेर काढलं. तळहाताएवढी हिरवी पट्टी, एका बाजूला काळवंडलेली. त्यानं ती हुंगली आणि मलाही हुंगायला दिली.

"हे गं मामाचं," म्हणाला.

जळक्या केसांसारखा वास होता. मी ती पदरात धरून बसले. का, मला नाही माहीत.

खोक्यातलं नवं कार्ड त्यानं खाचेत दाबून बसवलं, थाळीची वायर जोडली, यंत्र चालू केलं. मागे एक हिरवा दिवा लागला.

"लागला की दिवा! झालं ना? चल आता अंगणात."

"दिवा लागला म्हणजे वायरीत जीव आहे. यंत्र कुठे बोलतंय?"

काळ्या पडद्यावर तो पांढरी अक्षरं टाईप करत राहिला. मी बाजूला दादाच्या खुर्चीकडे बघत होते. चोला तिच्यावर बसला नव्हता, पालथ्या बादलीवर बसला होता. दारातून सरोवर दिसत होतं, दुधासारखं. पंखा फिरायचा, थांबायचा, पुन्हा फिरायचा. मला वाटलं, आत्ता दादा आत येईल, चप्पल दारात काढेल आणि म्हणेल, सरक रे.

"ईथ-झिरो," चोला पुटपुटला. "ईथ-झिरो, ऊठ ना बाबा."

"कोणाशी बोलतोस?"

"कार्डाशी. यंत्रात पहिल्या कार्डाला ईथ-झिरो म्हणतात. मी उठवतोय, तर यंत्र म्हणतं, या नावाचं इथे कुणी नाही."

"समोर तर बसवलंस त्याला!"

"तेच तर!" त्यानं कपाळावर हात मारला. "म्हणजे ड्रायव्हर नसणार. या कार्डाची भाषा यंत्राला येत नसेल. ती नेटवरून उतरवून घ्यायला हवी."

"मग उतरव."

"नेट चालायला ती हवी, आई. आणि ती आणायला नेट हवं. इथे फोनवर तर नुसतं बोलणं होतं."

"वा! म्हणजे विहिरीत पडलेली दोरी काढायला तीच दोरी. कोणी केला हा कारभार?"

तो हसला नाही. घड्याळाकडे बघत म्हणाला, "मन्साची बस आहे अजून. तिथे कुठेतरी नेट मिळेल, पेनड्राइव्हवर घेऊन येतो. उद्या सकाळी परत."

मी गप्प बसले की घरातली कोंबडीसुद्धा बिचकते. मन्साहून न्डोलाची बस सुटते, हे मलाही ठाऊक होतं आणि त्यालाही. तो माझ्याकडे बघेना.

तेवढ्यात वहिनी आल्या, कबासोची बायको, बाना मुसोंडा. हातात मुंकोयोचा भोपळा. पावसाळ्यापासून त्या एकाच कपड्यात होत्या. नावात कुणी बसल्याशिवाय त्यांना ना केस विंचरता येत होते, ना माहेरी बेटावर जाता येत होतं. त्यांनी भोपळा खाली ठेवला, चोलासमोर गुडघे टेकून दोनदा टाळी वाजवली, मोठ्या माणसासमोर वाजवतात तशी. पोरगा शहारलाच.

"मामी, नका ना असं करू. मी चोलाच आहे अजून."

"हो रे राजा. म्हणून तर रडू येतंय," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "वन्सं, त्याला ओढू नका. मला घाई आहे, पण अशी नाही. आणि तुम्ही विचार केलाय का? तो कबासो झाला तर तुम्ही कोणाची आई?"

खरं सांगते, सगळे महिने मी भाऊ परत मागत होते. त्याच्या बदल्यात काय देणार, हे मनातसुद्धा आणलं नव्हतं. त्याला कबासो म्हटलं की तो माझा मोठा भाऊ. मग माझ्या अंगावर प्यालेलं ते पोर कुठलं? मी तिथेच जमिनीवर बसले. जळकं कार्ड अजून पदरातच होतं.

"आई," चोला हळूच म्हणाला. त्याचा आवाज मऊ झाला होता. "मामाच्या आधी कबासो कोण होता?"

"माझा मामा. मध काढायचा जंगलात. सबंध झाड चढून जायचा आणि उघड्या हातानं पोळं काढायचा."

"मग आपला मामा कधी गेला मध काढायला?"

वहिनी फिसकन हसल्या. "हे? मधमाशी दिसली की खाटेखाली!"

"पण लोक कबासोच म्हणायचे ना?"

"म्हणायचे की," मी म्हटलं. "आजोबा तर त्याला अजून जुना कबासो समजून मधाचा हिशोब विचारायचे."

चोला तसाच उठला, पेनड्राइव्ह खिशात टाकला. मग म्हणाला, "मन्साला जायचं तर कार्डाची जात कोणती ते लिहून नेलं पाहिजे," आणि उभ्याउभ्याच एक ओळ टाईप केली. पडद्यावर बरीच अक्षरं सरसर वर गेली. तो वाकला. मग आणखी वाकला. मग बादलीवर नव्हे, मामाच्या खुर्चीतच बसला. बसला ते त्याला कळलंसुद्धा नाही.

"अगं आई गं," तो म्हणाला. "हे तर इथेच आहे."

"कोण?"

"कार्ड! मघापासून जागं आहे. भाषा येतेय त्याला, सगळं येतंय. फक्त त्याचं नाव ईथ-झिरो नाही, ईथ-वन आहे. मी वेड्यासारखा एकाच नावानं हाक मारत होतो. कोण कोण आहात ते सांगा, असं विचारलंच नाही. शिकाऊ पोरंसुद्धा हसतील मला."

"आणि ईथ-झिरो कोण मग?"

त्यानं माझ्या पदराकडे बोट दाखवलं. "ते."

मी पदर घट्ट धरला.

"प्रत्येक कार्डावर कारखान्यातच एक आकडा गोंदलेला असतो," तो सांगू लागला, सावकाश, मामा सांगायचा तसा. "जगात तो दुसऱ्या कुणाचा नाही. यंत्रानं कधीच मनाशी धरलंय की मामाच्या कार्डाचा आकडा म्हणजे ईथ-झिरो. ते कार्ड जळलं, बाहेर आलं, तरी यंत्रानं त्याची जागा राखून ठेवलीये. नवं आलं तर त्याला म्हणालं, ही जागा भरलेली आहे, तू पलीकडे उभा राहा."

"उभा," मी म्हटलं. स्वप्नातला दादा डोळ्यांपुढे आला.

"मग त्या ईथ-वनलाच काम सांग ना," वहिनी म्हणाल्या.

"त्याला कोण ओळखतंय, मामी? मामानं सगळं ईथ-झिरोच्या नावानं बांधलंय. थाळीकडे जायची वाट, दारावरची राखण, ही बाकीची यंत्रं, सगळी त्याच नावाकडे तोंड करून बसलीत. कार्ड कुठलं, याची कुणाला पडलेली नाही." त्यानं पडद्यावरची एक ओळ दाखवली. "जुन्या आकड्याची ओळख पुसायची, आणि नाव नव्याला द्यायचं. एवढंच करायचंय."

"मग कर की! थांबलास कशाला?"

"पुसायला हात होत नाहीये गं."

पोराच्या डोळ्यांत पाणी होतं. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की माझा भाऊ मेला तसा त्याचा मामाही मेला होता. याच खोलीत, याच खुर्चीशेजारी उभं राहून तो टाईप करायला शिकला होता. मी मात्र इतके महिने नुसती ओरडत होते. मी उठले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बोलले असते तर वाकडंच निघालं असतं.

त्यानं ती ओळ पुसली आणि यंत्र पुन्हा सुरू केलं. पडदा काळा झाला तेव्हा आम्ही तिघंही श्वास धरून बसलो होतो. मग अक्षरं आली आणि त्यानं हाक मारली, "ईथ-झिरो." या वेळी यंत्रानं उत्तर दिलं. हिरवा दिवा मिचमिच करायला लागला आणि थांबेचना. कोपऱ्यातली दुसरी यंत्रंही एकेक करून जागी झाली. छपराखालून आभाळ आत आल्यासारखं वाटलं मला.

चोला मात्र तिकडे बघत नव्हता. पडद्यावरच्या एका ओळीवर बोट ठेवून बसला होता.

"आई, बघ. नाव ईथ-झिरो. आणि खाली आकडा बघ. खोक्यावर छापलाय तोच. नाव बदललं, आकडा याचा यालाच राहिला." तो खुर्चीत मागे टेकला. "मामानं हे मला कधीच का नाही सांगितलं?"

"त्यांना तरी कुणी सांगितलं होतं?" वहिनी म्हणाल्या. "मधमाश्यांना भीत भीतच ते कबासो झाले."

चोलानं खुर्ची दाराकडे वळवली. मग म्हणाला, "आई, आजोबांना सांग, चटई इकडे आणा. यंत्र तिकडे न्यायचं नाही, मुसोंडाला इथूनच दिसेल."

मी धावले. या वयात, अनवाणी. आजोबा कुरकुरले, "चटई माणसाकडे जाते होय कधी?" पण मग स्वतःच उठले. "जाऊ दे. तो मेला कबासो घरी बसायचा कधी? तिकडेच असायचा. तिकडेच बसवा." पुढे चटई, मागे धनुष्य, त्यामागे ढोल, अशी आमची वरात रस्त्यानं निघाली. सूर्य आंब्याच्या शेंड्यापर्यंत उतरला होता आणि सरोवर सोन्याचं झालं होतं.

मुसोंडाचं तोंड पडद्यावर उमटलं. हिरवा स्वेटर, डोळे सुजलेले. तिला लहानपणापासून चोलाची खोडी काढल्याशिवाय राहवत नाही.

"हा शेंबडा माझा बाप होणार?" ती म्हणाली. "याला मी कडेवर घेतलंय!"

सगळे हसले. पण आजोबांनी पाणी पाजलं, मणी बांधले, धनुष्य हातात दिलं, आणि दुकानात एकदम शांत झालं. ढोलसुद्धा थांबला. मुसोंडा पडद्यामध्ये खाली खाली गेली. तिकडे, त्या थंड देशात, ती गुडघ्यांवर बसली होती. टाळीचा आवाज जरा मागून आला, लांबच्या होडीचं वल्हं ऐकू येतं तसा.

"बाबा," ती म्हणाली. "पोहोचलात ना नीट?"

"पोहोचलो गं, बाळ," तो म्हणाला.

वहिनींनी तिथेच डोक्याचं फडकं सोडलं आणि मोठ्यानं रडल्या. मग माझी पाळी आली. बहिणीनं म्हणायचे शब्द ठरलेले असतात: दादा, तुझं स्वागत आहे, तुझी जागा तुझीच आहे. मी ते सकाळपासून घोकत होते. पुढे झाले, गुडघे टेकले, वर बघितलं. माझंच पोर, मिशीसुद्धा नीट न आलेलं. सगळे वाट बघत होते.

आणि मग जे बाहेर आलं ते भलतंच. कबासो बेटांवर कुणाचं तरी यंत्र दुरुस्त करायला जायचा, सांगितलेल्या दिवशी कधी म्हणून यायचा नाही, आणि आला की मी दारातच त्याला झोडायची. तेच आलं.

"इतके महिने कुठे उलथला होतास रे मेल्या? आम्ही काय इथे मरायचं तुझी वाट बघत?"

आजोबांनी आ वासला. चोला माझ्याकडे बघत राहिला. मग दादा प्रत्येक वेळी म्हणायचा तेच, तसंच मान तिरकी करून तो म्हणाला, "आलो ना, पिलिपिली. जेवायला वाढ."

मी किती रडले ते विचारू नका.

मग अंगणात पंगत बसली. कसाव्याच्या पिठाचा उकडलेला न्शिमा आणि ताज्या माशाचा रस्सा. कबासोच्या ताटात नेहमी माशाचं डोकं असायचं, त्यावर दुसऱ्या कुणी हात टाकायचा नाही. मी डोकं वाढलं, दोन्ही हातांनी ताट त्याच्यापुढे ठेवलं. तो डोक्याकडे बघून कसंनुसं हसला, ते उचलून हळूच माझ्या ताटात ठेवलं, आणि पातेल्यात हात घालून शेपटीचा तुकडा काढून घेतला. चोला लहानपणापासून घेतो तसाच, मी "हात भाजेल रे" म्हणायच्या आत.